आलेखात न दिसलेले खंड

आमच्या पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीवरून पाऊस आत शिरला की दोन गोष्टी ठरलेल्या. आधी लाईट जाते, मग नेट. कधी कधी उलटंही होतं. आमच्या शेजारच्या काकांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जून हा त्यांचा हंगाम. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्त्या, सगळं याच महिन्यात येतं आणि पाऊसही याच महिन्यात येतो.

माझं संशोधन ग्रामीण भागातल्या इंटरनेट जोडणीच्या मोजमापावर आहे. म्हणून मी जूनच्या सुरुवातीला काकांच्या दुकानात एक रास्पबेरी पाय बसवला. पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा संगणक. दर ५ मिनिटांनी त्याने बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारायची, उत्तर आलं का ते नोंदवायचं, बस. तीन आठवड्यांनी मी आलेख काढला. रेघ जवळजवळ सपाट होती. मध्ये कुठेतरी एखादा बारीक उंचवटा. मी खूश झाले आणि मार्गदर्शकांना चार ओळींचा सारांशही पाठवून दिला: पावसाळ्यातही जोडणी अपेक्षेपेक्षा स्थिर आहे.

मग तोच आलेख कौतुकाने काकांना दाखवला. काकांनी चष्मा वर केला, गल्ल्याखालून एक वही काढली आणि पान उघडलं. "अगो, बारा तारखेला दुपारी दोन पाच ते दोन पंचावन्न काहीच नव्हतं. माणसं रांगेत उभी होती. ते तुझ्या ह्या रेषेत कुठे आहे?"

नव्हतंच. तसे आणखी कितीतरी खंड वहीत होते आणि आलेखात नव्हते. वही खरी होती. माझा आलेख खोटं बोलत नव्हता, पण मला जे हवं होतं ते तो सांगतही नव्हता. सारांश मागे घ्यावा लागला, तीन आठवड्यांची माहिती वाया गेली, आणि ती परत मिळणार नव्हती. का मिळणार नव्हती हे शोधताना मी सॉफ्टवेअरच्या आत शिरले, आणि तिथून ते सॉफ्टवेअर घडवणाऱ्या माणसांपर्यंत पोचले. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रवास तुमच्या कामाचा आहे, तुमचा विषय नेटवर्क नसला तरी.

देखरेख म्हणजे नेमकं काय?

नेटवर्क मॉनिटरिंग म्हटलं की मोठ्या पडद्यांची, लाल-हिरव्या दिव्यांची खोली डोळ्यांसमोर येते. मुळात काम साधं आहे: ठरावीक वेळाने विचारत राहणं.

विचारण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिली पिंग. अमेरिकेत लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. तुम्ही समोरच्या यंत्राला हाक मारता, ते ओ देतं, आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजता. दुसरी पद्धत एसएनएमपी, १९८८ सालची. हिच्यात राऊटरलाच विचारायचं, "आतापर्यंत तुझ्यातून किती बाइट गेले?" पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं. दोन आकड्यांची वजाबाकी केली, सेकंदांनी भागलं, की वेग मिळाला.

विचारणं सोपं. पण विचारणारं कुठलंही सॉफ्टवेअर लिहायला बसलात की तीन गोष्टी ठरवाव्याच लागतात.

एक, किती वेळाने विचारायचं?
दोन, उत्तर आलं नाही तर काय समजायचं?
तीन, जुन्या नोंदी किती दिवस आणि कशा ठेवायच्या?

या तिन्हींची उत्तरं निसर्गात कुठे लिहिलेली नाहीत. ती माणसांनी ठरवलेली असतात, त्यांच्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे. मी हे विसरले होते.

माझा खंड कुठे गेला?

माझ्या नोंदी आरआरडीटूल नावाच्या साधनात साठत होत्या. नावातच त्याचं तत्त्व आहे: राऊंड रॉबिन, म्हणजे आळीपाळी. यातली फाईल कधी वाढत नाही. जागा भरली की सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी नोंद बसते. मग जुनं सगळंच जातं का? नाही. जुन्याची सरासरी उरते.

मी एका जुन्या नमुना फाईलवरून चार कप्पे जसेच्या तसे उचलले होते. पहिल्यात ५ मिनिटांच्या ६०० नोंदी, म्हणजे फक्त ५० तास. दुसऱ्यात अर्ध्या तासाच्या सरासरीच्या ६०० नोंदी, म्हणजे साडेबारा दिवस. तिसऱ्यात २ तासांच्या सरासरीच्या ६०० नोंदी, म्हणजे ५० दिवस. चौथ्यात दिवसाची सरासरी. मी तीन आठवड्यांनी आलेख काढला. तोवर बारा तारखेच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी कधीच पुसल्या गेल्या होत्या. अर्ध्या तासाच्याही. उरली होती ती २ तासांची सरासरी.

आता हिशोब करून बघा. समजा १० मिनिटं नेट पूर्ण गेलं, पण लाईट होती. माझं यंत्र चालू होतं, त्याने १०० टक्के तोटा अशी नोंद केली. २ तासांच्या सरासरीत हा आकडा १२० मिनिटांत वाटला जातो आणि ८.३ टक्के होतो. दिवसाच्या सरासरीत १४४० मिनिटांत वाटला जातो, ०.७ टक्के होतो. फॉर्म भरायला आलेल्या मुलीसाठी त्या १० मिनिटांत नेट शंभर टक्के बंद होतं. आलेखात तो बारीक उंचवटा झाला.

पण काकांच्या बारा तारखेचं कोडं याहून वेगळं होतं. तिथे उंचवटाही नव्हता. कारण त्या दुपारी लाईटच गेली होती. माझं यंत्रही बंद पडलं. बंद यंत्र "तोटा १०० टक्के" असं लिहीत नाही, ते काहीच लिहीत नाही. आरआरडीटूल अशा रिकाम्या जागेला "अज्ञात" म्हणतं, आणि हे अगदी योग्य आहे. गडबड पुढे होते. सरासरी काढताना किती नोंदी अज्ञात असल्या तरी चालतील, हे एक गुणोत्तर ठरवतं. त्याला एक्सएफएफ म्हणतात आणि बहुतेक नमुना फाईलींमध्ये ते ०.५ असतं. म्हणजे निम्म्यापर्यंत नोंदी नसल्या तरी चालेल, उरलेल्यांची सरासरी काढ.

२ तासांत ५ मिनिटांच्या २४ नोंदी. ५० मिनिटं लाईट नव्हती, म्हणजे १० नोंदी अज्ञात. १० हे २४ च्या निम्म्याहून कमी. त्यामुळे उरलेल्या १४ नोंदींची सरासरी निघाली, आणि त्या १४ वेळा नेट उत्तम चालू होतं. उत्तर: तोटा ० टक्के. "माहीत नाही" चं "सगळं ठीक आहे" झालं.

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा असं मी म्हणेन. रुग्णाच्या तपासणीत, हवामानाच्या नोंदींत, सर्वेक्षणात, सगळीकडे हीच चूक दबा धरून बसलेली असते. न आलेल्या उत्तराला आपण नकळत चांगलं उत्तर मानतो.

मग दोष सॉफ्टवेअरचा का? मला आधी तसंच वाटलं होतं. रागाच्या भरात एक लांबलचक तक्रारही लिहायला घेतली होती. पाठवण्याआधी कागदपत्रं वाचली आणि गप्प बसले. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. गुणोत्तर बदलता येत होतं, पहिला कप्पा मोठा करता येत होता, सरासरीबरोबर कमाल मूल्यही साठवता येत होतं. मी वाचलं नव्हतं. पण तरीही एक प्रश्न उरलाच. मुळात हे असं का ठरलं? कोणी ठरवलं?

एका ६४ केबीच्या लाइनची गोष्ट

१९९४ साली टोबियास ओएटिकर हा तरुण इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात काम करत होता. त्यांच्या ठिकाणाहून बाहेरच्या जगात जाणारी एकच लाइन होती, तीही ६४ किलोबिट प्रति सेकंदाची. आज आपल्या फोनवर एक फोटो उघडायला यापेक्षा जास्त लागतं. लाइन भरली आहे का, किती भरली आहे, हे प्रत्येकालाच जाणून घ्यायचं होतं. त्याने एक झटपट प्रोग्राम लिहिला, जो सतत ताजा आलेख काढून दाखवायचा. १९९५ च्या वसंतात तो एमआरटीजी या नावाने त्याने सगळ्यांसाठी खुला केला. मग नोकरी बदलून तो स्वित्झर्लंडला गेला, वेळ मिळेना, प्रकल्प बाजूला पडला.

जानेवारी १९९६ मध्ये त्याला डेव्ह रँड नावाच्या माणसाची ईमेल आली. एमआरटीजी एवढं हळू का चालतं, काही कल्पना? टोबियासला कारण माहीत होतं, कारण सगळं पर्ल भाषेत लिहिलेलं होतं आणि फारसं काटकसरीचं नव्हतं. त्याने काही उपाय सुचवले. आठवड्याभराने डेव्हचं उत्तर आलं: उपायांनी फारसा फरक पडला नाही, म्हणून वेळखाऊ भाग मीच सी भाषेत पुन्हा लिहिला, सोबत जोडला आहे. त्या तुकड्याने वेग ४० पट वाढला.

बाजूला पडलेला प्रकल्प त्या ईमेलने पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं, चाचणीच्या प्रती लोकांना दिल्या गेल्या, आणि बदल्यात सुधारणा, सूचना, चुकांच्या दुरुस्त्या येत गेल्या. पुढे १९९९ मध्ये साठवणुकीचा आणि आलेखाचा भाग वेगळा काढून आरआरडीटूल झालं. तो भाग सुटा असल्यामुळे कॅक्टाय, स्मोकपिंग अशा कितीतरी साधनांनी तो आपल्या पोटात घेतला.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर बघा. या माणसांना काय हवं होतं? "आपली लाइन भरली आहे का, मोठी घ्यायला हवी का?" या प्रश्नाला सरासरी पुरते. डिस्क लहान होत्या, त्यामुळे फाईल न वाढणं ही मोठी सोय होती. एखादी नोंद हुकली म्हणून अख्खा आलेख फाटका दिसू नये, म्हणून निम्म्यापर्यंत मुभा. प्रत्येक निर्णय त्यांच्या प्रश्नासाठी शहाणपणाचा होता. माझा प्रश्न वेगळा होता: दुकान किती वेळ अडलं? मी दुसऱ्याच्या प्रश्नासाठी बनवलेली मोजपट्टी न बघता उचलली होती.

तीन साधनं, तीन स्वभाव

त्यानंतर मी इतर साधनांना तेच तीन प्रश्न विचारत गेले. तुम्हीही असंच करा, फार शिकायला मिळतं.

नागिओसकडे बघा. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने ते सुरू केलं, २००२ मध्ये नाव बदललं. त्याची काळजी रात्री झोपलेल्या ॲडमिनची आहे. पहिल्यांदा उत्तर आलं नाही तर ते लगेच घंटा वाजवत नाही. आधी ती "सॉफ्ट" अवस्था मानतं, पुन्हा विचारतं, ठरवलेल्या संख्येइतक्या वेळा अपयश आलं की मगच "हार्ड" म्हणून निरोप धाडतं. झोपमोड वाचते. पण फक्त निरोप मोजून खंडांचा अभ्यास कराल, तर छोटे खंड तुमच्या हाती लागणारच नाहीत.

नागिओसची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा प्लगइनशी असलेला करार. कुठल्याही भाषेत छोटा प्रोग्राम लिहा, शेवटी एक आकडा परत करा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे माहीत नाही. करार एवढाच. एवढा सोपा असल्यामुळेच जगभरातल्या लोकांनी आपापल्या यंत्रांसाठी प्लगइन लिहिले आणि नागिओसभोवती गोतावळा जमला. आणि बघा, "माहीत नाही" ला त्यांनी स्वतःचा आकडा दिला आहे. तो ० मध्ये ढकललेला नाही.

स्मोकपिंग हेही टोबियासचंच. दर ३०० सेकंदांनी एक नाही, २० हाका मारायच्या, हा त्याचा मूळ नेम. आलेखात मधल्या मूल्याच्या रेघेभोवती धुरासारखी छटा दिसते. धूर जितका पसरलेला, तितकी जोडणी लहरी. एका सरासरीत जी लपते ती अस्थिरता इथे डोळ्यांना दिसते.

तिसरं प्रोमिथियस. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं, २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये आलेलं. ते स्वतः जाऊन आकडे ओढून आणतं, आणि प्रत्येक वेळी "अप" नावाची एक वेगळी नोंद करतं. मिळालं तर १, नाही मिळालं तर ०. म्हणजे अपयश हीसुद्धा एक नोंद झाली. नोंदी सरासरी न काढता जशाच्या तशा ठेवतं, मात्र वेगळं काही सांगितलं नाही तर १५ दिवसच. सोळाव्या दिवशी जागे झालात तर पुन्हा माझ्यासारखंच.

यातलं "सर्वात चांगलं" कुठलं, असं विचारू नका. तुमचा प्रश्न काय आहे ते आधी विचारा.

गोतावळा बिनसतो तेव्हा

ओपन सोर्स म्हणजे सगळे प्रेमाने मिळून काम करतात, असं चित्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मनात असतं. माझ्याही होतं. खरं चित्र गावच्या उत्सवाच्या बैठकीसारखं आहे. काम सगळ्यांचं, पण चाव्या कोणाकडे, यावर रुसवेफुगवे.

नागिओसचंच घ्या. मे २००९ मध्ये त्याच्या भोवतालच्या काही विकासकांनी फारकत घेऊन इसिंगा सुरू केला. लोकांनी पाठवलेल्या सुधारणा स्वीकारल्या जायला फार वेळ लागतो आणि मुख्य चावी एकाच हातात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूने विचार केला तर, हजारो ठिकाणी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये येईल ती सुधारणा घेणं धोक्याचंही असतं. सावधपणा आणि अडवणूक यांच्यातली रेघ बाहेरून स्पष्ट दिसत नाही. फारकतीनंतर नागिओस संपलं नाही आणि इसिंगाही टिकला, २०१४ मध्ये तर त्याने नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती आणली. गंमत म्हणजे ०-१-२-३ चा करार दोघांनीही पाळला, त्यामुळे लोकांचे जुने प्लगइन वाया गेले नाहीत.

२०१३ मध्ये ऑब्झर्व्हियमच्या जीपीएल परवान्याखालच्या शेवटच्या आवृत्तीवरून लिब्रेएनएमएस निघाला. नव्या माणसाला सामावून घेणारा समुदाय हवा, हे त्याचं पहिल्यापासूनचं धोरण. दोन्ही प्रकरणांत फारकत शक्य झाली ती परवान्यामुळे. परवाना म्हणजे फाईलच्या तळाशी असलेला कंटाळवाणा मजकूर नाही. भांडण झालंच तर सामान घेऊन वेगळं निघण्याचा तो हक्क आहे. परवाने बदलतातही. लाटव्हियात अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेला झॅबिक्स २००१ पासून जीपीएलखाली होता, २०२४ च्या ७.० आवृत्तीपासून तो एजीपीएलखाली गेला.

प्रगती म्हणजे काय, हेही इथे कळतं. नव्या आवृत्तीच्या घोषणेत चमकदार पडदे पुढे असतात. पण प्रकल्प पुढे सरकतो तो बदलांच्या यादीतल्या कंटाळवाण्या ओळींमुळे: अमुक राऊटरचा आकडा चुकीचा वाचला जात होता, दुरुस्त केला. तमुक वेळी अज्ञात नोंद शून्य धरली जात होती, दुरुस्त केलं. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी गावात, बँकेत, विद्यापीठात बसून "माझ्या आलेखात हे दिसत का नाही?" असं विचारलेलं असतं. काकांसारखं.

मी काय केलं

ती रागाची तक्रार मी पाठवली नाही. त्याऐवजी ज्या छोट्या साधनाची नमुना फाईल मी उचलली होती, त्याच्या विकासकांना प्रश्न लिहिला. चार गोष्टी दिल्या: मी काय करायला गेले, काय अपेक्षित होतं, काय मिळालं, आणि आवृत्ती व सेटिंग कुठली. सोबत काकांच्या वहीतल्या पाच ओळी.

दोन दिवसांनी उत्तर आलं. उत्तर कसलं, उलट प्रश्नच: तुम्हाला लाइनचा भार मोजायचा आहे की सेवेचे खंड? मग एकाने समजावलं की ही नमुना फाईल भारासाठी आहे. मी म्हटलं, हे फाईलमध्ये लिहिलेलं नाही. तो म्हणाला, मग तुम्हीच लिहा ना.

लिहिलं. दोन ओळी. कुठल्या कामासाठी ही फाईल आहे आणि खंड मोजायचे असतील तर काय बदलायचं. दोनदा परत आल्या. पहिल्यांदा भाषेसाठी, दुसऱ्यांदा मी एक दावा चाचणी न करता केला होता म्हणून. तिसऱ्यांदा स्वीकारल्या. माझ्या प्रबंधातलं एखादं प्रकरण इतक्या बारकाईने कोणी वाचेल की नाही, शंकाच आहे.

साधन निवडण्याआधी

तुमचं संशोधन एखाद्या ओपन सोर्स साधनावर उभं राहणार असेल तर एक अख्खी संध्याकाळ त्याच्या माणसांना द्या.

मागच्या वर्षभराच्या बदलांची यादी वाचा. नव्या सोयी किती, जुन्या चुकांच्या दुरुस्त्या किती, ते बघा. दुरुस्त्या अजिबात नसतील तर चुका नाहीत असा अर्थ काढू नका. इथेही "माहीत नाही" आणि "ठीक आहे" वेगळेच.

अनोळखी माणसाच्या पहिल्या प्रश्नाला कसं उत्तर मिळतं ते शोधा. उत्तर उशिरा आलं तरी चालेल, पण ते माणसासारखं आहे का?

बदल स्वीकारण्याचा अधिकार किती जणांकडे आहे ते मोजा. एकाच माणसाकडे असेल तर तुमची पीएचडी होईपर्यंत त्याला उसंत मिळेल का, याचा विचार करा.

मतभेदाची एखादी जुनी चर्चा पूर्ण वाचा. निर्णय कसा झाला, हरलेली बाजू नंतरही काम करत राहिली का, यावरून पुष्कळ कळतं.

आणि परवाना वाचा. एकदा तरी.

मग प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात साधनाचं फक्त नाव लिहून थांबू नका. आवृत्ती, किती वेळाने विचारलं, उत्तर न आल्यास काय धरलं, जुन्या नोंदींचं काय केलं, मोजणारं यंत्र कुठे ठेवलं होतं आणि त्याची वीज कुठून येत होती, हे सगळं लिहा. परीक्षक विचारतील म्हणून नाही. दोन वर्षांनी तुम्ही स्वतःलाच विचाराल म्हणून.

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. पुण्याच्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाने आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेने वर्षानुवर्षं भरवलेल्या ग्नूनिफाय परिषदेत कितीतरी विद्यार्थ्यांची अशा प्रकल्पांशी पहिली ओळख झाली. तुमच्या शहरात असे गट शोधा. नसतील तर दोन मित्र आणि एक नमुना फाईल पुरते.

पुन्हा पूर्णगड

आता मांडणी बदलली आहे. दुकानातलं यंत्र मिनिटाला एकदा विचारतं आणि कुठलीही नोंद सरासरीत विरघळत नाही. त्याला एक छोटी बॅटरीही जोडली आहे. दुसरं यंत्र विद्यापीठात आहे आणि ते बाहेरून दुकानाला हाक मारतं. दोघंही म्हणाले "नाही", तर खंड पक्का. एकच म्हणालं तर तपास. दोघंही गप्प, तर ती जागा रिकामी राहते आणि आलेखातही रिकामीच दिसते. फाटका दिसला तरी चालेल.

तिसरी नोंद काकांची वही. पूर्वी तिच्यात फक्त वेळ असायची. आता त्यांनी पट्टीने दोन रकाने आखलेत, एक "लाईट", एक "नेट". कधी दुकान बंद असलं की त्या दिवशी ते दोन्ही रकान्यांत आडवी रेघ मारतात. मी विचारलं, रेघ कशाला, रिकामं ठेवा की.

"रिकामं ठेवलं तर तू म्हणशील सगळं चालू होतं," काका म्हणाले. "मी इथे नव्हतोच, मला काय माहीत?"